मुंबईला पहिली सुकी गोदी बांधून देणारे लवजी वाडिया रोख तीन हजारही मागे ठेवून गेले नाहीत

वाडिया म्हटलं की कुणाला बॉम्बे डाईंगच्या चादरी आठवतात, तर कुणाला पुण्याचं वाडिया कॉलेज. गडगंज श्रीमंत पारशी घराणं अशी या नावाची ओळख. पण हे घराणं मुंबईत आलं ते एका सुतारामुळे.

त्यांचं नाव लवजी नसरवानजी वाडिया.

लवजींचा जन्म १७०२ चा, सुरतेजवळचा. तेव्हा सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं आणि जहाजं बांधण्यात तिथल्या पारशी सुतारांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीने आपलं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं, त्याला तोवर जवळपास पन्नास वर्षं झाली होती. तरीही चांगलं जहाज हवं असेल तर कंपनीला सुरतेलाच जावं लागायचं.

१७३५ मध्ये असंच एक जहाज बांधून घ्यायला कंपनीचा एक अधिकारी सुरतेला गेला. तिथे मुकादम म्हणून काम करणाऱ्या लवजींचं काम त्याच्या नजरेत भरलं. मुंबईला चला, तिथे कंपनीची गोदी उभी करा, असा प्रस्ताव आला. १७३६ मध्ये लवजी काही मोजक्या सुतारांना सोबत घेऊन मुंबईत दाखल झाले.

मुंबईत काय होतं? खोल पाणी होतं, वाऱ्यापासून आडोसा होता. लाकूड मात्र नव्हतं. जहाजाला लागणारं सागवान बाहेरून आणावं लागणार होतं. त्यासाठी लवजी स्वतः उत्तरेकडच्या जंगलांपर्यंत गेले आणि तिथल्या स्थानिक सत्ताधीशांशी लाकडाचे करार करून आले. सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळेही टिकतात. इंग्लंडच्या ओक लाकडात नेमकी हीच अडचण होती.

पण जहाज बांधलं म्हणजे काम संपलं, असं होत नाही. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते.

लाकडी जहाज काही महिने समुद्रात राहिलं की त्याच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, वेग मंदावतो. उष्ण समुद्रातले किडे लाकूड आतून पोखरतात. फळ्यांच्या फटी सैल होऊन पाणी आत येतं. जुना उपाय म्हणजे भरतीला जहाज उथळ किनाऱ्यावर आणायचं, ओहोटी लागली की एका कुशीवर कलतं करायचं आणि पुन्हा पाणी चढायच्या आत मिळेल तेवढी दुरुस्ती उरकायची. तोफांनी भरलेल्या जड जहाजाला असं आडवं करणं म्हणजे त्याचा सांगाडा खिळखिळा करण्यासारखंच.

यावरचं उत्तर होतं सुकी गोदी. १७५० मध्ये लवजी आणि त्यांचे भाऊ सोराबजी यांनी ती मुंबईत पूर्ण केली.

सुकी गोदी म्हणजे किनाऱ्याला लागून खणलेला आणि आतून दगडाने बांधून काढलेला प्रचंड हौद. समुद्राच्या बाजूला भक्कम दरवाजे. भरतीला दरवाजे उघडून जहाज आत घ्यायचं. ओहोटीबरोबर पाणी बाहेर सोडायचं, दरवाजे लावायचे आणि उरलेलं पाणी उपसून टाकायचं. जहाज ठोकळ्यांवर आणि टेकूंवर ताठ उभं राहतं. मग घाई नाही. सडलेली फळी बदला, फटी बुजवा, बूड तासून स्वच्छ करा.

इथे मुंबईचा समुद्र मदतीला आला. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे गोदी भरायचं आणि बरीचशी रिकामी करायचं काम समुद्रच फुकटात करून देतो. अर्थात तोच समुद्र दर भरतीला गाळही आणून टाकतो. तो काढत राहणं, गळणारे दरवाजे दुरुस्त करणं, निसटलेले दगड पुन्हा बसवणं हे काम कायमचं मागे लागलं. पुढे याच गोदीला जोडून १७६२ मध्ये दुसरी आणि १७६५ मध्ये तिसरी गोदी झाली.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. मुंबईच्या गोदीने कंपनीच्या आरमाराला घर दिलं आणि कोकण किनाऱ्यावर कंपनीचं मोठं वैर होतं ते आंग्र्यांशी. १७५६ च्या फेब्रुवारीत मुंबईहून निघालेल्या इंग्रजी ताफ्याने विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. त्या मोहिमेआधी पेशव्यांनीच इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. इंग्रजांच्या हाती पक्की गोदी होती आणि मराठ्यांचं सर्वांत बळकट आरमार त्या दिवशी राख झालं.

लवजी मात्र शेवटपर्यंत कंपनीचे पगारी कारागीर राहिले. आपले नातू फ्रामजी आणि जमशेदजी यांनाही त्यांनी थेट मोठ्या जागेवर बसवलं नाही. दोघांना महिना १२ रुपयांवर साध्या सुतारासारखं कामाला लावलं.

१७७४ मध्ये लवजी गेले. मागे राहिलं सुमारे २०,००० रुपयांचं एक घर आणि ३,००० हून कमी रोकड. ज्यांच्या हाताखाली कंपनीची जहाजांमागून जहाजं उभी राहिली, त्यांची ही सगळी इस्टेट.

पण १२ रुपयांवर घासलेला नातू वाया गेला नाही. जमशेदजींनी १८१० मध्ये ब्रिटिश नौदलासाठी मिंडेन हे युद्धनौकांच्या रांगेत लढणारं मोठं जहाज बांधलं आणि १८१७ मध्ये ट्रिंकोमाली. मुंबईत सागवानाने बांधलेलं ते ट्रिंकोमाली इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर तरंगतंय.

आणि लवजींची गोदी? फोर्ट भागात लायन गेटवरून जाताना आत दिसतो तो नौदलाचा डॉकयार्ड. सुरतेच्या त्या सुताराने खणलेली जागा त्याच भिंतीआड आहे.