राजेबहाद्दर खेम सावंत : सोयरिकीतून आलेला किताब आणि हातचे गेलेले पेडणे

गोव्याचा इतिहास म्हटला की १५१० पासून सुरुवात करण्याची आपल्याला सवय जडली आहे. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांना ती लागू पडत नाही. अल्बुकर्कने तिसवाडी घेतल्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी हे दोन महाल कायमचे पोर्तुगिजांकडे गेले. तोपर्यंत, मधले काही खंड सोडले तर, येथे अंमल होता तो वाडीकर सावंत-भोसल्यांचा. ज्यांच्या कारकिर्दीत तो संपला, ते तिसरे खेम सावंत. सावंतवाडीच्या गादीवर १७५५ ते १८०३ अशी अठ्ठेचाळीस वर्षे बसलेला हा राजा. त्यांचा सर्वांत मोठा मान आणि पेडण्यावरील त्यांचा हक्क यांचा परस्परांशी विलक्षण संबंध आहे, आणि त्या संबंधाच्या मुळाशी एक लग्न आहे.

गादीवर आले तेव्हा खेम सावंत अल्पवयीन होते. राज्य लहान, पण चहूबाजूंनी बलिष्ठांनी वेढलेले. उत्तरेला करवीरकर छत्रपती, घाटावर पेशवे, दक्षिणेला पोर्तुगीज, आणि समुद्रावर इंग्रज. हळर्णचा किल्ला सावंतांकडून पोर्तुगिजांनी १७४६ मध्ये घेतला होता. त्या विजयाची किंमत पोर्तुगालच्या दरबाराने कशी केली पाहा. मोहिमेचा नायक असलेल्या व्हाइसरॉयला ‘आलोर्नाचा मार्किस’ ही पदवी मिळाली. पेडणे महालातील एका खेड्याचे नाव अशा रीतीने लिस्बनच्या सरदार घराण्याला चिकटले. मुलूख मात्र पुढे पुन्हा सावंतांकडे परतला.

१७६३ मध्ये खेम सावंतांचा विवाह लक्ष्मीबाईंशी झाला. लक्ष्मीबाई या जयाप्पा शिंदे यांच्या कन्या, म्हणजे महादजी शिंदे यांच्या पुतणी. जयाप्पा १७५५ मध्येच मारवाडात नागोरला मारले गेले होते, त्यांचा मुलगा जनकोजी पानिपतानंतर मारला गेला, आणि शिंद्यांच्या दौलतीचे पुढे काय होणार हे लग्नाच्या वेळी कोणालाच नीट सांगता आले नसते. म्हणून या सोयरिकीकडे केवळ लाभाचा हिशेब म्हणून पाहणे मला पटत नाही. लाभ झाला तो नंतर, महादजींचा तारा उगवल्यावर. १७७२ मध्ये शाह आलम बादशहा मराठ्यांच्या पाठबळावर दिल्लीत परतला, आणि पुढच्या काळात शिंद्यांचा शब्द बादशाही दरबारात चालू लागला. या नात्यामुळे खेम सावंतांना बादशहाकडून ‘राजेबहाद्दर’ हा किताब मिळाला. मोरचेल वापरण्याचा मानही त्यासोबत आला.

इंग्लंडच्या राजघराण्यात राजपुत्राला विवाहाच्या दिवशी ड्यूक करण्याची प्रथा आजही आहे. २०११ मध्ये विल्यम केंब्रिजचे आणि २०१८ मध्ये हॅरी ससेक्सचे ड्यूक झाले. त्या पदव्यांनी कोणाची शेते वा गावे इकडची तिकडे झाली नाहीत. अठराव्या शतकातील दक्षिण कोकणात किताबाचे वजन वेगळे होते. दरबारात कोण कोणाच्या वर बसणार, पत्रात मायना कोणता लिहायचा, कोणासमोर मोरचेल ढाळायचे, या गोष्टींवर तलवारी उपसल्या जात.

तसेच झाले. करवीरकरांच्या लेखी वाडीचे सावंत म्हणजे कुडाळ प्रांताचे सरदेसाई. त्यांनी राजचिन्हे मिरवावीत, तीही छत्रपतींच्या डोळ्यांदेखत, हे कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांना रुचणे शक्य नव्हते. करवीरच्या फौजा वाडीच्या मुलखात उतरल्या आणि त्यांनी किल्ले घेतले. शिंद्यांच्या मध्यस्थीने ते पुढे परत मिळाले, पण ही मदत लांबची होती. महादजी उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणात गुंतलेले, आणि शत्रू दारात.

दक्षिणेची बाजू आधीच खचली होती. १७८१ मध्ये पोर्तुगिजांनी डिचोली घेतली आणि पाठोपाठ साखळीही. आता दोन आघाड्यांवर लढणे अशक्य होते. करवीरकरांविरुद्ध आधार हवा म्हणून खेम सावंतांनी त्याच पोर्तुगिजांकडे हात पुढे केला, आणि त्या मदतीच्या बदल्यात १७८८ मध्ये पेडणे महाल त्यांना देऊन टाकला. डिचोली युद्धात गेली, पेडणे तहात. हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. करवीरशी वैर जुने होते हे खरे, पण किताबाने त्याला धार आणली, आणि त्या धारेखाली सापडले ते पेडणे.

खेम सावंतांना दुबळा ठरवून मोकळे होणे सोपे, पण अन्यायाचे ठरेल. १७६५ मध्ये इंग्रजांनी रेडीचा किल्ला घेतला, वेंगुर्ल्याचा महसूल गहाण पडला, तेथे वखार उभी राहिली. त्याच वेंगुर्ल्यावर १७८० मध्ये चालून जाऊन ते लुटणारेही खेम सावंतच. सावंतवाडीचा राजवाडा त्यांच्या काळातला, आणि तिथल्या प्रसिद्ध गंजिफा कलेची परंपराही त्यांच्याच आश्रयाशी जोडली जाते. बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये याच राज्यातले. त्यांचे नाव आज विर्नोड्याचे सरकारी महाविद्यालय मिरवते. शिंद्यांच्या फौजेत नावलौकिक मिळवलेले जिवबादादा बक्षी मूळचे पेडण्याच्या केरी गावचे. वाडीहून उत्तरेकडे जाणारी वाट केवळ नवरीच्या पालखीची नव्हती.

महादजी १७९४ मध्ये वारले. खेम सावंत १८०३ मध्ये गेले, तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. वारसासाठी भाऊबंदांत तंटे पेटले. लक्ष्मीबाईंनी १८०५ मध्ये रामचंद्र सावंत उर्फ भाऊसाहेब या मुलास दत्तक घेतले. तीन वर्षांच्या आत त्या बालकाचा अंथरुणातच गळा दाबून खून झाला. १८१२ मध्ये वेंगुर्ले बंदर इंग्रजांना द्यावे लागले, आणि १८१९ च्या तहाने संस्थान त्यांच्या छायेखाली गेले.

पेडणे आणि डिचोली ‘नव्या काबिजादी’त मोडल्या. जुन्या काबिजादींतील देवळे पाडण्याचा काळ तोवर सरला होता, त्यामुळे येथील देवस्थाने आणि रूढी बऱ्याच अंशी टिकल्या. पुढे पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला पोर्तुगीज राजाने व्हिस्कोंद ही पदवी दिली. बादशहाचा किताब ज्या महालाच्या जाण्याला कारण झाला, त्या महालाच्या नावे आता युरोपीय पदवी आली होती. सावंतवाडीकर ‘राजेबहाद्दर’ हा किताब संस्थान असेपर्यंत लावीत राहिले. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पेडणे मात्र आणखी तेरा वर्षे पोर्तुगिजांकडेच होते, आणि १७८८ च्या तहाने आखलेल्या त्या सीमेवरच, पत्रादेवीला, १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या.