माया डेरेन : ‘स्व’चा शोध आणि ‘स्व’चे विसर्जन

प्रायोगिक चित्रपटाच्या इतिहासात माया डेरेन हिचे नाव प्रामुख्याने एका लघुपटाशी जोडले गेले आहे. ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ हा सुमारे १४ मिनिटांचा मूकपट १९४३ साली लॉस एंजेलिसमधील एका भाड्याच्या घरात, कोणत्याही चित्रपटसंस्थेच्या आश्रयावाचून तयार झाला. स्वप्न, किल्ली, सुरी, आरसा, एकाच स्त्रीची अनेक रूपे अशी त्यातील सामग्री पाहून समीक्षकांनी त्याला अतिवास्तववादी ठरविले आणि हे बिरुद त्याला पुढे कायमचे चिकटले. स्वतः डेरेनला ते कधीही मान्य नव्हते. ‘स्व’ म्हणजे काय आणि कलेत त्याला स्थान कोणते, याविषयीची एक निश्चित भूमिका तिच्या या नकारामागे होती. तिचे अल्प आयुष्य म्हणजे या भूमिकेच्या घडणीचा आणि तिच्या कसोटीचा इतिहास होय.

डेरेनचा जन्म २९ एप्रिल १९१७ रोजी कीव येथे एका सुशिक्षित ज्यू कुटुंबात झाला. तिचे मूळ नाव एलिओनोरा डेरेनकोव्स्की. वडील सॉलोमन हे मनोविकारतज्ज्ञ होते. राज्यक्रांतीनंतरच्या यादवीत युक्रेनमधील ज्यूंच्या कत्तली झाल्या. त्या अस्थिर काळात, १९२२ साली, हे कुटुंब देश सोडून अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्क राज्यातील सायराक्यूज येथे स्थिरावले. तेथे आडनाव आखूड होऊन ‘डेरेन’ झाले. १९२८ मध्ये कुटुंबाला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. त्यानंतर लवकरच, १९३० ते १९३३ या काळात, मुलीला शिक्षणासाठी जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय शाळेत पाठविण्यात आले. सोळा वर्षांच्या आत तिचा देश बदलला, भाषा बदलली, आडनाव बदलले. ‘मी कोण’ हा प्रश्न तिला ग्रंथांतून भेटण्यापूर्वीच आयुष्यातून भेटला होता.

सायराक्यूज विद्यापीठात शिकत असताना, वयाच्या अठराव्या वर्षी तिने एका समाजवादी कार्यकर्त्याशी विवाह केला. दोघेही न्यूयॉर्कला येऊन तरुण समाजवाद्यांच्या चळवळीत काम करू लागले. १९३६ मध्ये तिने न्यूयॉर्क विद्यापीठाची पदवी घेतली. १९३९ मध्ये विवाह संपुष्टात आला. त्याच वर्षी स्मिथ कॉलेजमधून तिने इंग्रजी साहित्यात एम. ए. केले. तिच्या प्रबंधाचा विषय फ्रेंच प्रतीकवादी संप्रदायाचा आंग्ल-अमेरिकन कवितेवरील प्रभाव हा होता. तिच्या चित्रपटांकडे साहित्याच्या अभ्यासकाने वळावयाचे ते या दारातून. चित्रपटात येण्यापूर्वी ती कवयित्री होऊ पाहत होती. परंतु मनात उमटणारी प्रतिमा शब्दांत आणणे हे तिला नेहमीच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत केलेल्या अनुवादासारखे वाटे, आणि त्या अनुवादात मूळ हरवत असे. कॅमेरा हाती आल्यावर ही मधली पायरी गळून पडली. प्रतीकवाद्यांनी शब्दाकडून जी अपेक्षा केली होती, म्हणजे अनुभवाचे वर्णन न करता तो अनुभवच उभा करावा, ती तिने चित्रफितीकडून केली.

१९४१ मध्ये ती कृष्णवर्णीय नृत्यदिग्दर्शिका कॅथरिन डनहॅम हिच्या मंडळीत चिटणीस म्हणून दाखल झाली. डनहॅम ही मानववंशशास्त्राची अभ्यासक होती. कॅरिबियन बेटांतील, विशेषतः हैतीतील विधिनृत्यांवर तिने संशोधन केले होते. हैतीचे आकर्षण डेरेनला येथूनच लागले. या मंडळीच्या दौऱ्यात ती लॉस एंजेलिसला पोहोचली आणि तेथे तिची गाठ अलेक्झांडर हॅमिड या चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या चित्रपटकाराशी पडली. १९४२ मध्ये त्यांचा विवाह झाला. ‘माया’ हे नाव तिने घेतले ते १९४३ मध्ये, हॅमिडच्या सुचवण्यावरून. ते बुद्धमातेचे नाव आणि तोच भासमान सृष्टीचा वाचक असलेला संस्कृत शब्दही. पडद्यावरील छायांच्या खेळाला वाहून घेणाऱ्या व्यक्तीने हे नाव धारण करावे, यात मोठे औचित्य होते.

१९४३ मध्येच वडिलांचे निधन झाले. वारशाने आलेल्या थोड्या पैशांतून तिने १६ मिलिमीटरचा एक जुना बोलेक्स कॅमेरा विकत घेतला. पतीपत्नी राहत असलेले घर हेच कलागृह झाले, तीच दोघे नटही झाली. खर्च पावणेतीनशे डॉलरांच्या आसपास आला. हॉलिवुडच्या प्रचंड कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, त्याच्या भांडवलाला आणि कथासंकेतांना पूर्णपणे नाकारून हे काम झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

चित्रपटाचे कथानक सांगणे सोपे आणि फसवे आहे. एक स्त्री रस्त्यावर पडलेले फूल उचलते, वळणापाशी दिसेनाशा होणाऱ्या एका आकृतीकडे पाहते आणि घराकडे वळते. दाराची किल्ली हातातून निसटून पायऱ्यांवरून घरंगळते. आत पावात खोवलेली सुरी आहे, उचलून ठेवलेला टेलिफोन आहे, फिरत राहिलेली तबकडी आहे. ती खिडकीशी खुर्चीत बसते आणि तिला झोप लागते. त्यानंतर स्वप्नात हाच प्रवास पुन्हा पुन्हा घडतो. आता वळणावर काळ्या वस्त्रातील एक आकृती चालत असते. तिच्या चेहऱ्याच्या जागी आरसा आहे. स्त्री धावते, परंतु संथपणे चालणाऱ्या त्या आकृतीला ती कधीच गाठू शकत नाही. प्रत्येक फेरीत तिचे आणखी एक रूप घरात येते. तीन रूपे टेबलाभोवती बसून किल्ली उचलतात, आणि तिसरीच्या हाती किल्लीची सुरी होते. ती सुरी घेऊन निद्रिस्त ‘स्व’कडे निघते तेव्हा तिचे एक पाऊल वाळूवर, पुढचे गवतावर, मग मातीवर, फरशीवर आणि अखेरीस घरातील गालिच्यावर पडते. सुरी चेहऱ्यापाशी येताच तिला जाग येते. समोर पती उभा आहे. परंतु जागेपणही सुरक्षित नाही. तिने फेकलेल्या सुरीने पतीचा चेहरा आरशासारखा फुटतो आणि त्यामागे समुद्र दिसतो. शेवटी घरी परतलेल्या पतीला ती काचांच्या तुकड्यांत मृत आढळते.

सुरुवातीच्या भागात या स्त्रीचा चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही. दिसते ती तिची सावली, हात आणि पावले. तिचा चेहरा प्रथम प्रकट होतो तो स्वप्नात, म्हणजे ती स्वतःकडे परकी म्हणून पाहू लागते तेव्हा. ओळख आणि ओढ यांचे नाते डेरेनने या एका योजनेत सांगून ठेवले आहे. ज्याच्या मागे धावावे त्याला चेहरा नाही. त्याच्या जागी जो आरसा आहे तो धावणाऱ्यालाच परत दाखवील, पण तो हाताशी येत नाही. हा परिणाम साधण्यासाठी वापरलेली साधने अगदी साधी होती. एकाच स्त्रीची तीन रूपे टेबलाशी बसविण्यासाठी चौकटीचा एक भाग झाकून चित्रण करावयाचे, फीत मागे घ्यावयाची आणि दुसरा भाग उघडून पुन्हा चित्रण करावयाचे. पाच पावलांचा प्रवास हा निव्वळ संकलनाचा चमत्कार आहे. पाऊल एका स्थळी उचलले जाते आणि दुसऱ्या स्थळी टेकते, हालचाल मात्र अखंड राहते.

या चित्रपटाच्या कर्तृत्वाविषयी पुढे वाद झाला. हॅमिड हा अनुभवी छायाचित्रकार होता आणि चित्रणातील सफाई त्याची आहे, हे उघड आहे. काहींनी तर चित्रपट मुख्यतः त्याचाच मानला. परंतु १९४४ च्या ‘ॲट लँड’मध्ये समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली स्त्री ओंडक्यांवरून चढत थेट मेजवानीच्या टेबलावर पोहोचते, तिच्याकडे कोणाचेही लक्ष नसते, आणि बुद्धिबळाच्या एका निसटलेल्या मोहऱ्यामागे ती दगडांतून, वाळूतून धावत राहते. १९४५ च्या नृत्यविषयक लघुपटात टॅली बीटी हा नर्तक अरण्यात उचललेले पाऊल खोलीत टेकवितो. तोच शोध आणि तेच संकलनतत्त्व येथे अधिक शुद्ध होऊन येते. १९४६ च्या ‘रिच्युअल इन ट्रान्सफिगर्ड टाइम’मध्ये डेरेन आणि नर्तकी रिटा क्रिस्तियानी या परस्परांच्या जागा घेतात, विधवा पाण्यात बुडता बुडता वधू होते. पहिल्या चित्रपटात एका स्त्रीची अनेक रूपे झाली होती. येथे दोन स्त्रियांचे एक रूप होते. हा विकास एका कलावंताच्या मनाचा आहे, आणि त्याची साक्ष वादापेक्षा अधिक बोलकी आहे.

स्वतंत्र चित्रपट तयार करणे जितके कठीण, तितकेच तो दाखविणेही. डेरेन स्वतःच वितरक झाली. विद्यापीठांना आणि संग्रहालयांना ती पत्रे लिही, प्रती भाड्याने देई, व्याख्याने देत फिरे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी न्यूयॉर्कमधील प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस हे छोटे नाट्यगृह घेऊन तिने आपले तीन चित्रपट दाखविले. कलाकृती कधी पूर्ण होत नाही, कलावंत ती केवळ सोडून देतो, या फ्रेंच काव्यविचारातील कल्पनेवरून तिने त्या कार्यक्रमाला ‘तीन सोडून दिलेले चित्रपट’ असे नाव दिले होते. त्यातून स्फूर्ती घेऊन एमॉस व्होगेलने १९४७ मध्ये ‘सिनेमा १६’ ही चित्रपटसंस्था काढली. १९४६ मध्येच डेरेनला गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि तिच्या ‘ॲन ॲनाग्रॅम ऑफ आयडियाज ऑन आर्ट, फॉर्म अँड फिल्म’ या प्रबंधिकेचे प्रकाशनही झाले.

अतिवास्तववादाशी असलेला तिचा विरोध या लेखनात स्पष्ट होतो. अबोध मनातून जे वर येईल ते तसेच टिपणे ही तिच्या मते कलावंताने पत्करलेली शरणागती होती. मनोविकारतज्ज्ञाची ही मुलगी आपल्या किल्ल्या-सुऱ्यांचे फ्रॉइडच्या कोशातून अर्थ लावण्यास ठाम नकार देई. वस्तूचा अर्थ कृतीतील तिच्या स्थानावरून ठरतो, असे तिचे म्हणणे होते. तिचा आदर्श विधी हा होता. विधीत व्यक्ती आपला खाजगी इतिहास बाजूला ठेवून एका मोठ्या आकृतिबंधाचा भाग होते. ती लहान होत नाही, तिचा विस्तार होतो. भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे भट्टनायकाच्या साधारणीकरणाची आठवण व्हावी. यात प्रभावाचा दावा करण्याचे कारण नाही. परंतु वैयक्तिक भाव व्यक्तिसंबंधातून मुक्त झाल्यावाचून आस्वाद्य होत नाही, हा विचार दोन दूरच्या परंपरांत स्वतंत्रपणे उदय पावावा, ही गोष्ट तौलनिक अभ्यासाला मोलाची आहे.

हैतीने या विचाराची कसोटी घेतली. ग्रेगरी बेटसनने बालीमध्ये घेतलेली चित्रणे तिने अभ्यासली होती, आणि बाली, हैती व मुलांचे खेळ यांना एकत्र गुंफणारा चित्रपट तिच्या मनात होता. हॅमिडशी घटस्फोट झाला त्याच वर्षी, १९४७ मध्ये, ती हैतीला गेली आणि पुढील काही वर्षांत अनेकदा जात राहिली. सुमारे १८,००० फूट चित्रण झाले. परंतु वूडू उपासनेचा प्रत्यक्ष अनुभव आल्यावर त्या सामग्रीला आपल्या कलात्मक योजनेत कापून बसविणे तिला अशक्य झाले. ज्या विधीकडे ती आकृतिबंधाचा नमुना म्हणून पाहत होती, तो तेथील माणसांची जिवंत श्रद्धा होता. चित्रपट अपुरा राहिला. त्याऐवजी १९५३ मध्ये ‘डिव्हाइन हॉर्समेन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या अखेरच्या प्रकरणात एर्झुली या देवतेचा स्वतःच्या अंगी झालेला संचार तिने वर्णिला आहे. एर्झुली ही प्रेमाची देवता. गरजेपलीकडच्या पूर्णत्वाची ओढ तिच्या ठायी आहे, आणि जगातले कोणतेही प्रेम त्या ओढीला पुरे पडत नसल्याने तिचा संचार अश्रूंत संपतो. ‘मेशेस’मधील स्त्री ज्या आकृतीमागे धावत होती, तिचे हे दुसरे दर्शन म्हणता येईल. फरक इतकाच की, तेथे ओढ एका स्त्रीची होती आणि तिचा शेवट मृत्यूत झाला. येथे ती साऱ्या समूहाने ओळखलेली, पूजिलेली ओढ होती.

२८ ऑक्टोबर १९५३ रोजी ‘सिनेमा १६’मध्ये कविता आणि चित्रपट या विषयावर परिसंवाद झाला. त्यात डिलन टॉमस, आर्थर मिलर आणि पार्कर टायलर हेही होते. डेरेनने तेथे दोन रचनांचा भेद मांडला. आडवी रचना कृतीकडून कृतीकडे, कारणाकडून परिणामाकडे जाते, ती कथा-नाट्याची. उभी रचना एकाच क्षणात खोल उतरते, ती कवितेची. शेक्सपिअरच्या नाटकातील स्वगत ही आडव्या ओघातील उभी रचना होय. टॉमसने या मांडणीची थट्टा केली आणि सभागृह हसले. परंतु तो भेद टिकला. काव्यात्म चित्रपटाची चर्चा आजही त्याला वळसा घालून जाऊ शकत नाही.

अखेरची वर्षे ओढगस्तीची होती. ‘द व्हेरी आय ऑफ नाइट’ हा तिचा शेवटचा पूर्ण चित्रपट बराच काळ रखडून १९५८ मध्ये आला. उलट्या प्रतिमेतील नर्तक त्यात नक्षत्रांसारखे फिरतात, त्यांना चेहरे जवळजवळ नाहीत. टेजी ईतो या जपानी वंशाच्या तरुण संगीतकाराशी तिने विवाह केला. ‘मेशेस’ला १९५९ मध्ये संगीत दिले ते त्यानेच. १३ ऑक्टोबर १९६१ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने न्यूयॉर्क येथे तिचे निधन झाले, तेव्हा ती ४४ वर्षांची होती. हैतीतील चित्रणाला ईतो पतीपत्नींनी तिच्यामागे पुष्कळ वर्षांनी चित्रपटाचे रूप दिले. १९९० मध्ये ‘मेशेस’चा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत झाला.

डेरेनच्या आयुष्यात एक विसंगती राहून गेली, हे मान्य केले पाहिजे. व्यक्तीने आकृतिबंधात विरून जावे असे सांगणाऱ्या या स्त्रीला आपले चित्रपट जगापुढे आणण्यासाठी स्वतःचे नाव, चेहरा आणि आवाज सतत पुढे करावा लागला. खिडकीच्या काचेला हात टेकवून बाहेर पाहणारी तिची ‘मेशेस’मधील प्रतिमा प्रायोगिक चित्रपटाची जणू मुद्राच झाली आहे. चेहरा पुसू पाहणाऱ्या कलेने तिचा चेहरा चिरस्थायी केला. परंतु ही विसंगती तिच्या विचाराचे खंडन करीत नाही. ‘स्व’चे विसर्जन करण्यासाठी आधी तो कमवावा लागतो, आणि वारंवार देश, भाषा व नाव बदललेल्या माणसाला ते कमावणे किती कष्टाचे असते, हे तिच्या सहा पूर्ण आणि काही अपुऱ्या चित्रपटांतून दिसते. त्यांतील अपुरे चित्रपटही तितक्याच आदराने अभ्यासले पाहिजेत. हैतीची फीत तिने कापली नाही, यात तिच्या कलादृष्टीची अपयशी बाजू आहे आणि तिच्या प्रामाणिकपणाचा पुरावाही आहे.