जेकब रीस : स्थलांतरितांचे छायाचित्रकार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्या शहरातील स्थलांतरितांचे दैन्य जगापुढे मांडणारे पत्रकार जेकब रीस आयुष्याच्या अखेरीस पोहोचले होते. २६ मे १९१४ रोजी त्यांचे निधन झाले.

रीस यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी डेन्मार्कमधील रिबे येथे एका शिक्षकाच्या घरी झाला. सुतारकाम शिकून ते १८७० मध्ये अमेरिकेत गेले; परंतु काम टिकेना. अन्नान्न दशेत एका पावसाळी रात्री त्यांनी पोलीस ठाण्यातील निराश्रितांच्या खोलीत आसरा घेतला. तेथे त्यांचे सोन्याचे लॉकेट चोरीस गेले. तक्रार करताच त्यांनाच खोटे ठरवून हाकलण्यात आले आणि बाहेर वाट पाहणाऱ्या त्यांच्या कुत्र्याला पोलिसाने पायऱ्यांवर आपटून मारले. फिर्यादीलाच गुन्हेगार ठरविण्याची ही रीत आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको.

१८७७ मध्ये ते ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे पोलीस-वार्ताहर झाले. आयर्लंड, इटली, रशिया येथून देशोधडीला लागून आलेली कुटुंबे मलबेरी रस्त्याच्या परिसरात, उजेड-वारा नसलेल्या खोल्यांत कोंडलेली असत. कोयता घेऊन परमुलखी गेलेल्या नांदेड-लातूरकडील कुटुंबांच्या कोप्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या दाटीची कल्पना येईल. नुसत्या लिहिण्याने कोणी हलेना. मॅग्नेशियमच्या भुकटीचा लखलखाट करून अंधारातही छायाचित्र घेता येते, हे १८८७ मध्ये रीस यांच्या वाचनात आले आणि त्यांनी कॅमेरा हाती घेतला. बेयार्ड रस्त्यावरील एका खोलीत पाच-पाच सेंट मोजून रात्रीपुरती जागा मिळविलेली माणसे त्यांच्या चित्रात डोळे चोळत उठताना दिसतात. १८९० मध्ये ‘हाऊ द अदर हाफ लिव्हज’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट पोलीस मंडळाचे अध्यक्ष असताना रीस यांनी त्यांना रात्री त्याच ठाण्यात नेले. पोलीस ठाण्यांतील त्या खोल्या १८९६ मध्ये बंद झाल्या.

त्यांचा गौरव करताना आम्ही एक गोष्ट झाकू इच्छित नाही. चिनी, ज्यू, इटालियन यांचा स्वभाव ते जन्मावरून ठरवीत. हा विचार जातीच्याच कुळातला. ज्यांना झोपेतून दचकवून टिपले, त्यांची अनुमतीही त्यांनी घेतली नव्हती. तरीही त्या चित्रांचा पुरावा कोणाला नाकारता आला नाही.

त्यांच्या पश्चात काचेच्या निगेटिव्ह घराच्या माळ्यावर धूळ खात पडल्या होत्या. अलेक्झांडर ॲलंड या, स्वतःही स्थलांतरित असलेल्या छायाचित्रकाराने पाठपुरावा केला आणि १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या नगर संग्रहालयाकडे आल्या.