माणूस तोच, जागा वेगळी !

पिंप्राळा आता जळगाव महापालिकेत आहे. पण इथून थोडं बाहेर पडलं की अजूनही काळी जमीन, कापूस आणि विहिरीवरचा पंप दिसतो. पंपावरचं किर्लोस्कर हे नाव आपण लहानपणापासून वाचतो. त्या नावामागचा माणूस मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूरला झाला. चित्रकार व्हायचं म्हणून वडिलांची इच्छा मोडून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. झालं, पेंटिंग संपलं ! दुसरा कोणी घरी परतला असता. लक्ष्मणराव मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, कारण तिथे रंग लागत नाहीत, लागते ती अचूक रेघ. पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मोकळ्या वेळात त्यांनी मशीन्सची सगळी माहिती करून घेतली.

प्रमोशनची वेळ आली तेव्हा जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान थाटलं. हळूहळू कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार झाला. साधा लाकडी नांगर माती नुसती चिरतो. हा नांगर माती पलटी करायचा, हरळीची मुळं वर काढायचा. तरी शेतकरी घेईनात. लोखंडामुळे जमिनीला विष चढेल अशी त्यांना भीती वाटायची. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली !

पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. आता प्रश्न होता माणसांचा. असल्या माळरानावर शिकलेला इंजिनिअर कुठून येणार ? मग जी माणसं आली, त्यांच्यातून लक्ष्मणरावांनी कारखाना उभा केला. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. शाळेत नापास झालेले के. के. कुलकर्णी मॅनेजर झाले. शंभूराव जांभेकर तर इंजिनिअरिंगपासून औषधपाण्यापर्यंत सगळं बघायचे. दरोडेखोर म्हणून ज्यांचा धाक होता, अशा दोघांना लक्ष्मणरावांनी वसाहतीची राखण दिली आणि त्यांनी ती इमानाने केली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. जात बघून काम वाटायचं ठरवलं असतं तर कितीतरी हात वाया गेले असते.

आज अर्थशास्त्रात याला साधनांचं चुकीचं वाटप म्हणतात. म्हणजे माणूस आहे, पैसा आहे, मशीन आहे, पण जिथे त्याचा जास्त उपयोग होईल तिथे ते पोचलेलं नाही. शे आणि क्लेनाऊ या दोन अभ्यासकांनी २००९ साली एक अंदाज मांडला. भारतातल्या कारखान्यांमध्ये भांडवल आणि कामगार यांचं वाटप अमेरिकेइतकं नीट झालं, तर उत्पादकता ४० ते ६० टक्क्यांनी वाढू शकते. लक्षात घ्या, हे नवीन मशीन न आणता ! मुंबईतले लक्ष्मणराव आणि किर्लोस्करवाडीतले लक्ष्मणराव एकच होते. तिथे त्यांची वाट अडली होती, इथे मोकळी झाली. एवढाच फरक.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचं पोस्टाचं तिकीट काढलं.

आणि आपण ? मार्क जास्त म्हणून एक ब्रँच घ्यायची, कंपनी कॅम्पसवर आली म्हणून कुठलीही नोकरी पकडायची, आणि हाताने काम करणाऱ्या आयटीआयच्या पोराला मात्र कमी लेखायचं. उद्या आपल्यातले काही जण एमआयडीसीत सुपरवायझर होतील, काही जण स्वतःचं युनिट काढतील. तेव्हा समोरच्या माणसाचं सर्टिफिकेट जरूर बघा. पण त्याला काय जमतं हेही विचारा, आणि तेच काम त्याला द्या. लेथवर ज्याचा हात बसलाय, त्याला रजिस्टर लिहायला बसवलं तर नुकसान त्या एकट्याचं नाही, सगळ्यांचंच आहे.