बोस्टनच्या तळ्यातला बर्फ चार महिने समुद्रातून आणून भारतात विकणारा माणूस

१८३४ सालची मुंबई. जमशेदजी जीजीभॉय यांच्याकडे मेजवानी होती. हो, तेच जे. जे. हॉस्पिटलवाले. तेव्हा ते अजून ‘सर’ झाले नव्हते. या मेजवानीत पाहुण्यांना चक्क आईस्क्रीम वाढलं गेलं. काही दिवसांनी मुंबई समाचारात बातमी आली की यजमान आणि पाहुणे सगळ्यांना सर्दी झालीय.

आता प्रश्न असा की १८३४ मध्ये मुंबईत बर्फ आला कुठून? फ्रिज नव्हता, बर्फाचा कारखाना नव्हता. हिमालयातून आणावा तर रेल्वेही नव्हती.

तो बर्फ अमेरिकेतून आला होता. जहाजाने, विषुववृत्त दोनदा ओलांडून.

हा सगळा उद्योग ज्याच्या डोक्यातून निघाला त्याचं नाव फ्रेडरिक ट्यूडर. अमेरिकेत त्याला बर्फाचा राजा म्हणतात. पण हा राजा होण्याआधी गडी दोनदा कर्जापायी तुरुंगात जाऊन आला होता.

ट्यूडरचा जन्म ४ सप्टेंबर १७८३ चा, बोस्टनचा. बाप नामांकित वकील, घरात पैसा. भाऊ हार्वर्डला शिकले. फ्रेडरिकने मात्र तेराव्या वर्षीच शाळेला रामराम ठोकला आणि धंद्यात पडला.

१८०१ मध्ये तो आजारी भावाला, जॉनला घेऊन क्युबातल्या हवानाला गेला. गरम हवेत भावाला बरं वाटेल असा घरच्यांचा समज. झालं उलटंच. उकाडा आणि डास यांनी दोघे हैराण झाले. अमेरिकेत परतल्यावर १८०२ मध्ये जॉन गेला. हवानाच्या त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे थंड असं काही नव्हतं, आणि त्यांच्या बोस्टनजवळच्या घरी तळ्यातला बर्फ साठवलेला असायचा. हा विरोधाभास फ्रेडरिकच्या डोक्यात राहिला असणार.

१८०५ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने ठरवलं की आपण थंड देशाचा बर्फ गरम देशात विकायचा.

लोक हसले. एकही जहाजमालक बर्फ न्यायला तयार होईना. बर्फ वितळणार, पाणी होणार, बाकीचा माल भिजणार, जहाजाचा तोल बिघडणार. भीती अगदीच खोटी नव्हती. शेवटी पठ्ठ्याने ‘फेव्हरिट’ नावाचं जहाजच विकत घेतलं, सुमारे पावणेपाच हजार डॉलर मोजून. फेब्रुवारी १८०६ मध्ये ते बर्फ घेऊन कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाकडे निघालं. बोस्टनच्या पेपरने, हा धंदा घसरडा ठरू नये, असा टोमणा मारला.

साधारण तीन आठवड्यांनी जहाज पोचलं. आणि बर्फ शिल्लक होता!

पण तिथे बर्फ ठेवायला जागाच नव्हती. मक्तेदारीची बोलणी करायला भाऊ विल्यम आधीच जाऊन आला होता, पण गोदामाचं काही झालं नव्हतं. ट्यूडर जहाजावरूनच बर्फ विकत बसला. लोकांना तो घरी नेऊन काय करायचं तेच माहीत नव्हतं. मग एका बागेच्या मालकाला हाताशी धरून त्याने आईस्क्रीम करून दाखवलं. ते धडाधड खपलं, पण तोवर बराचसा माल पाण्यात गेला होता. तोटा सुमारे साडेचार हजार डॉलर.

यानंतरची दहा वर्षं म्हणजे नुसती फरफट. अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली, मग इंग्लंडशी युद्ध पेटलं. घरचा पैसा बापाने जमिनीच्या सौद्यात घालवला. १८१२ आणि १८१३ मध्ये ट्यूडर कर्ज बुडवल्याबद्दल तुरुंगात गेला. १८१५ मध्ये तो हवानाला निघाला तेव्हासुद्धा वॉरंट घेतलेले लोक मागावर होते.

हवानात त्याने स्वतः बर्फाचं कोठार उभारलं. आणि इथे या माणसाची खरी गंमत सुरू होते. तो कोठाराच्या तळातून निघणारं पाणी तासातासाला मोजत बसायचा. पाणी जितकं कमी, तितका बर्फ जास्त टिकला. भिंतीत काय भरलं तर किती फरक पडतो, दार किती वेळा उघडलं तर किती, सगळ्याचा हिशोब.

थोडं विज्ञान बघू. बर्फाला गरम हवेइतकीच दमट हवाही घातक. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर बसून तिचं पाणी होतं तेव्हा ती बरीच उष्णता सोडते. एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं तर त्या उष्णतेत साधारण सात ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे बर्फ वाचवायचा तर हवा येऊच द्यायची नाही आणि वितळलेलं पाणी लगेच बाहेर काढायचं. ओला भुसा किंवा ओलं गवत उष्णता अडवू शकत नाही.

ही गोष्ट ट्यूडर बर्फाच्या बाबतीत शिकला, पण दुसऱ्या मालाच्या बाबतीत तोंडावर आपटला.

१८१६ मध्ये त्याला वाटलं, बर्फ टाकून जहाज परत रिकामं का आणायचं? क्युबाची फळं आणू. त्याने चाळीस टक्के व्याजाने पैसे उचलले आणि संत्री, लिंबं, केळी, पेअर असा माल न्यूयॉर्कसाठी भरला. सोबत १५ टन बर्फ आणि ३ टन सुकं गवत. महिन्याभराने जहाज उघडलं तर जवळपास सगळी फळं सडलेली. डोक्यावर आणखी काही हजार डॉलरचं कर्ज.

का सडली? आज आपल्याला माहीत आहे की तोडलेलं फळसुद्धा श्वास घेतं. त्यातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. बंद जागेत हा ओलावा कोंडतो, गवत भिजतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं. बर्फाला बंद खोली हवी आणि फळाला खेळती हवा. ट्यूडरने दोघांना एकाच खोलीत कोंबलं.

हेच भांडण आजही समुद्रावर चालू आहे. कॉफीच्या कच्च्या बियांत साधारण १० ते १२ टक्के पाणी असतं. गरम देशात भरलेला कंटेनर थंड समुद्रात शिरला की आतला ओलावा लोखंडी छताला लागतो आणि थेंब थेंब पोत्यांवर पडतो. जहाजवाले याला कंटेनरचा पाऊस म्हणतात. म्हणून कॉफी, कोको अशा मालासाठी हवा खेळती ठेवणारे खास कंटेनर बनवले गेले. त्यांच्या खालच्या आणि वरच्या कडांना लांबच लांब झरोके असतात. गरम दमट हवा वरून बाहेर जाते, बाहेरची हवा खालून आत येते, आणि झरोक्यांची रचना अशी की लाटांचे तुषार आत येत नाहीत. साध्या कंटेनरमधून कॉफी पाठवायची तर आतून कागदाचं अस्तर लावतात किंवा ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतात.

कॉफीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पुढे याच कॉफीने ट्यूडरला पुन्हा रस्त्यावर आणलं. पण ते नंतर.

आधी त्याचं नशीब फिरलं ते नॅथॅनियल वायथ या माणसामुळे. तोवर तळ्यावरचा बर्फ कामगार करवती-कुऱ्हाडींनी वेडावाकडा तोडायचे. वायथने १८२५ मध्ये घोड्याने ओढायचं कटर आणलं. ताटातली बर्फी पाडावी तशा तळ्यावर रेघा मारायच्या आणि एकसारख्या लाद्या काढायच्या. खर्च तर कमी झालाच, पण मोठा फायदा वेगळाच होता. चौकोनी लाद्या एकमेकींना चिकटून बसतात, मधे हवेला जागा राहत नाही. वर लाकडाचा भुसा. मेन राज्यातल्या लाकूड गिरण्यांना हा भुसा म्हणजे डोकेदुखी होती, ट्यूडरला तो मातीमोल भावात मिळाला.

भाडंही स्वस्त पडायचं. भारतात जाणाऱ्या अमेरिकन जहाजांना जाताना पुरेसा माल नसायचा, तोल राखायला दगडगोटे भरावे लागायचे. दगडांच्या जागी बर्फ न्या, असा हा हिशोब.

१२ मे १८३३ ला ‘टस्कनी’ जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांनी सप्टेंबरमध्ये ते पोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. सोबत अमेरिकन सफरचंदंही होती.

कलकत्त्याला थंडीच्या रात्री उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवून पातळ, मळकट बर्फ करायची पद्धत होती. त्यापुढे ही काचेसारखी लादी म्हणजे चमत्कारच. सरकारने जकात माफ केली आणि उन्हात वितळू नये म्हणून रात्री माल उतरवायची परवानगी दिली. तिथल्या गोऱ्या लोकांनी वर्गणी काढून आईस हाऊस बांधून दिलं. पुढे मद्रासला आणि मुंबईच्या फोर्टातही, सेंट अँड्र्यूज चर्चजवळ, आईस हाऊस झालं. अर्थात हा बर्फ साहेब लोकांच्या आणि शेठजींच्या ग्लासातच जायचा. गोदीत लाद्या उतरवणाऱ्या हमालाला फक्त हाताला लागलेला गारवा मिळत असेल.

आणि नेमक्या याच सुमारास ट्यूडरने कॉफीच्या सट्ट्यात उडी घेतली. भाव पडले. दोन लाख डॉलरहून जास्त पैसा बुडाला. वय पन्नास. त्यात १८३४ मध्येच त्याने एकोणीस वर्षांच्या युफेमिया फेनोशी लग्न केलं. दुसरा कुणी असता तर दिवाळं जाहीर करून मोकळा झाला असता. यापूर्वी कर्जापायी तुरुंग पाहिलेल्या या माणसाने मात्र सावकारांना पटवलं की मला धंदा करू द्या, तरच तुमचे पैसे परत येतील. चौदा-पंधरा वर्षं लागली, पण त्याने व्याजासकट सगळं फेडलं. त्यात मोठा वाटा कलकत्त्याच्या बर्फाचा होता.

माणूस म्हणून तो प्रेमळ वगैरे होता असं नाही. हेकट, भांडखोर आणि मक्तेदारीसाठी हपापलेला. नव्या गावात गेला की दारू विकणाऱ्यांना सुरुवातीला बर्फ फुकट द्यायचा. गिऱ्हाइकाला एकदा गार पेयाची सवय लागली की ते परत कोमट पिणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आजच्या फ्री ट्रायलवाल्या ॲप्सनी वेगळं काय केलंय?

१८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याची माणसं वॉल्डन तळ्यावर बर्फ तोडत होती. तिथेच झोपडी बांधून हेन्री डेव्हिड थोरो राहत होता, ज्याचं लेखन पुढे गांधीजींनी वाचलं. आपल्या तळ्याचं पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक पिणार याची नोंद थोरोने ‘वॉल्डन’ पुस्तकात केली आहे.

१८५६ पर्यंत एकट्या बोस्टन बंदरातून वर्षाला सुमारे १,४६,००० टन बर्फ बाहेर जाऊ लागला. त्यात आता ट्यूडरचे प्रतिस्पर्धीही होते.

६ फेब्रुवारी १८६४ ला बोस्टनमध्ये तो वारला, वय ८०. यंत्राने बर्फ बनवायचे कारखाने भारतात आले ते त्यानंतर. १८७८ मध्ये कलकत्त्यात बंगाल आईस कंपनी सुरू झाली आणि अमेरिकन बर्फाचा बाजार उठला. मद्रासचं आईस हाऊस अजून उभं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे काही दिवस राहिले होते, म्हणून आता त्याला विवेकानंद हाऊस म्हणतात. मुंबईचं आईस हाऊस मात्र केव्हाच पाडलं गेलं.