पक्ष्यांच्या पायांत वाळे घालणारे सलीम अली

हुरड्याचे दिवस आले की आपल्या सीमाभागातील जोंधळ्यावर भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. राखणदार गोफण फिरवतो. थवा उठतो आणि पलीकडच्या शेतात जाऊन बसतो. भोरडी हा मध्य आशियाकडून येणारा हिवाळी पाहुणा आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. असा दूरदेशीचा पक्षी येताना सोबत रोगही आणतो काय? हा प्रश्न एके काळी आपल्याच कर्नाटकात उभा राहिला आणि त्याच्या शोधात डॉ. सलीम अली यांना उतरावे लागले.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपण्याचा त्यांना नाद होता. एके दिवशी गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी हाती लागली. तिची जात विचारण्यासाठी मुलगा मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेला. सचिव मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांचा सारा संग्रह उघडून दाखवला आणि शिकाऱ्याचा अभ्यासक झाला.

त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यामुळे सरकारी नोकरी हुकली. बर्लिनला प्रा. स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून ते १९३० मध्ये परतले, तर वस्तुसंग्रहालयातील जागाही गेलेली! अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपले बीदर-कलबुर्गी तेव्हा त्याच संस्थानात होते. या कामासाठी त्यांनी वेतन मागितले नाही, फक्त खर्च घेतला.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात वानरे व माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ गावकरी तापाने फणफणले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मेलेल्या माकडांत व गोचिडांत एक नवा विषाणू शोधून काढला. कन्नडमध्ये या रोगाला ‘मंगन कायिले’ म्हणतात, मराठीत माकडताप. विषाणूचे साम्य निघाले रशियातील एका मेंदूज्वराशी! मग तो आला कसा? सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांवर संशय गेला.

सलीम अलींना पक्ष्यांच्या पायांत वाळे घालून त्यांचे स्थलांतर अभ्यासायची फार दिवसांची इच्छा होती, पैसा नव्हता. आता जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले. १९५९ पासून काम सुरू झाले. बारीक जाळ्यांत पक्षी धरावेत, पायात क्रमांकाचे हलके वाळे चढवावे, अंगावरचे गोचीड वेचून तपासणीस पाठवावेत आणि पक्षी सोडून द्यावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. भरतपूरला वाळे घातलेली बदके सोव्हिएत देशात सापडली, तेव्हा त्यांचे मार्ग नकाशावर उमटू लागले.

पुढे या कामाला अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय संशोधन विभागाचा पैसा मिळाला आणि १९७४ च्या सुमारास वादळ उठले. पक्ष्यांकरवी रोग पसरवण्याचे युद्धतंत्र तर यामागे नाही ना, असा आरोप वृत्तपत्रांतून झाला. संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी साहाय्याच्या संशोधनाची छाननी केली. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला देशनिष्ठेचा खुलासा करावा लागला. आरोप त्यांनी ठामपणे नाकारला. तरीही पैसा कोणाचा आणि नमुने कोठे जातात, हा प्रश्न विचारणे जनतेचा हक्कच होता, हे आपण विसरू नये.

मग संशयित पक्ष्यांचे काय झाले? त्यांनी सैबेरियातून माकडताप आणला, असा पुरावा मिळाला नाही. विषाणूचे घर आपल्याच जंगलात होते: गोचीड आणि लहान प्राणी यांच्यात. माकडांमुळे तो फैलावतो. जंगलात चरणाऱ्या गुरांच्या रक्तावर मोठे गोचीड पोसतात व त्यांची संख्या वाढते. माणसाला चावते ते बहुधा गोचिडाचे पिल्लू. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. म्हणजे नुसत्या रोग्याची नाडी पाहून भागत नाही. रान, गोठा आणि घर या तिन्हींकडे लक्ष हवे. २०१६ मध्ये माकडताप सिंधुदुर्गातही दिसला. रानात मेलेले माकड आढळले की त्याला हात न लावता आरोग्य खात्याला कळवणे, ही आजही पहिली सावधगिरी आहे.

१९७६ मध्ये सलीम अलींना पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली, नव्वदी ओलांडून, ते वारले. ज्या पक्ष्यांवर संशय होता, त्यांना न मारता, त्यांची एकेक नोंद ठेवून त्यांनी शोध चालवला. ठरलेले उत्तर हाती न येणे हेही शास्त्राचेच फळ होय. विद्यार्थ्यांनो, यंदा भोरड्या आल्या की गोफणीबरोबर एक वहीही शेतात न्यावी.