माकडांच्या कोड्यातून वर्गसमीकरण शिकवणारे भास्कराचार्य

पेठ वडगाव असो की पुणे, दहावीच्या बीजगणितात ‘पूर्ण वर्ग पद्धत’ असतेच. पावणेनऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी ती माकडांची कोडी घालून शिकवली होती.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जलविड हे त्यांचं गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

कोडं काय आहे?

‘बीजगणित’मधलं हे कोडं पाहा. माकडांच्या कळपाचा आठवा भाग घ्या, त्याचा वर्ग करा. तेवढी माकडं रानात खेळतायत. उरलेली १२ टेकडीवर आहेत. एकूण माकडं किती?

कळप ‘क्ष’ मानला तर समीकरण असं:

क्ष²/६४ + १२ = क्ष

म्हणजेच क्ष² − ६४क्ष = −७६८

आता ६४ चं अर्धं ३२, त्याचा वर्ग १०२४. तो दोन्ही बाजूंना मिळवला की डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो:

(क्ष − ३२)² = २५६

२५६ चं वर्गमूळ +१६ किंवा −१६. म्हणून उत्तरं दोन: ४८ आणि १६. ताळा करून पाहा, दोन्ही बरोबर येतात.

दुसऱ्या एका कोड्यात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग करायचा आहे आणि एक माकड फांदीवर आहे. तिथे ५० आणि ५ अशी उत्तरं येतात. पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले तर उरतात उणे २ माकडं! म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर नाकारलं. गणित सुटलं तरी उत्तर व्यवहारात बसतं का, हे त्यांनी तपासायला शिकवलं.

श्रेय कुणाचं?

अपूर्णांक टाळून पूर्ण वर्ग करण्याचा नियम भास्कराचार्यांनी श्रीधराचार्यांच्या नावानेच दिला. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. हा नियम त्यांचा आहे, हे आपल्याला कळतं ते भास्कराचार्यांनी नाव घेतलं म्हणून.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. १२०७ सालच्या तिथल्या शिलालेखात या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख अभ्यासकांसमोर आणला.